रोमन कायद्यात आरोपकर्त्याचे तीन अपराध

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंचविसाव्या अध्यायात फेस्त हा रोमन सुभेदार राजा अग्रिप्पाला संत पौलाची हकीकत सांगताना एक महत्त्वाची गोष्ट सहजगत्या बोलून जातो. आरोपीला त्याच्या आरोपकर्त्यांच्या समोरासमोर उभे करावे, आरोपाला उत्तर देण्याची संधी त्याला द्यावी, आणि तोपर्यंत कोणालाही शिक्षेसाठी हवाली करू नये, अशी रोमन लोकांची रीत आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्याआधीच्या अध्यायात स्वतः पौलानेही याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मंदिरातील प्रकाराबद्दल ज्यांनी प्रथम ओरड केली ते आशिया प्रांतातील यहुदी आज येथे नाहीत. त्यांचे काही म्हणणे असेल तर त्यांनीच हजर राहावयास हवे होते, असे तो फेलिक्सच्या नजरेस आणून देतो.

हे उतारे शिकविताना आपले लक्ष साहजिकच आरोपीकडे, म्हणजे पौलाकडे असते. प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्या पक्षाकडे वेधू इच्छितो. आरोप करणारा मनुष्य कोण असे, त्याच्यावर कोणती जबाबदारी असे, आणि त्याने ती पाळली नाही तर रोमन कायदा त्याला कसा जाब विचारीत असे? हा विषय केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. ज्यांच्या दारी माणसे एकमेकांविषयीची गाऱ्हाणी घेऊन येतात, त्या प्रत्येक धर्मगुरूला व धर्मशिक्षकाला त्यातून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते.

१. सरकारी वकील नसलेले न्यायालय

आज एखादा गंभीर गुन्हा घडला म्हणजे पोलीस तपास करतात व सरकारच्या वतीने खटला चालतो. प्राचीन रोममध्ये अशी व्यवस्था नव्हती. इ. स. पू. १४९ मध्ये काल्पुर्निउसच्या कायद्याने प्रांतांतील लाचलुचपत व खंडणी यांच्या चौकशीसाठी पहिले स्थायी न्यायालय स्थापन झाले. पुढे सुल्लाच्या काळात, म्हणजे इ. स. पू. ८० च्या सुमारास, खून, विषप्रयोग, राजद्रोह इत्यादी गुन्ह्यांसाठीही अशी न्यायालये उभी राहिली. परंतु या न्यायालयांपुढे गुन्हेगाराला आणावयाचे कोणी? तर कोणाही प्रतिष्ठित नागरिकाने. त्याने न्यायाधिकाऱ्याकडे जाऊन आरोपीचे नाव द्यावे, पुरावा गोळा करावा, साक्षीदार आणावेत आणि स्वतः भाषण करून आरोप शाबीत करावा, अशी ती रीत होती. आरोपकर्ता पुढे आला नाही तर खटलाच उभा राहत नसे.

या पद्धतीत एक उदात्त कल्पना होती. गुन्हा हा केवळ पीडिताचा प्रश्न नसून सर्व समाजाचा आहे, आणि म्हणून समाजातील कोणीही त्याविरुद्ध उभा राहू शकतो, ही ती कल्पना होय. तथापि तिच्यात मोठा धोकाही होता. तरुण वक्त्याला नाव मिळविण्याचा तो मार्ग होता. राजकीय शत्रूला धुळीस मिळविण्याचे ते हत्यार होते. आणि काही खटल्यांत यशस्वी आरोपकर्त्याला बक्षीसही मिळत असे. सम्राटांच्या काळात राजद्रोहाच्या खटल्यात दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा आरोपकर्त्याकडे जाई. जेथे दुसऱ्याच्या नाशात आपला लाभ आहे तेथे मनुष्य किती काळ प्रामाणिक राहील? टायबेरिअसच्या कारकिर्दीत (इ. स. १४ ते ३७) धंदेवाईक आरोपकर्त्यांचा केवढा सुळसुळाट झाला होता हे इतिहासकार टॅसिटसने तपशिलाने वर्णिले आहे. इ. स. २४ मध्ये ही बक्षिसे कमी करण्याची सूचना सिनेटपुढे आली असता स्वतः सम्राटानेच तिला विरोध केला. या लोकांना तो कायद्याचे रखवालदार समजत होता.

म्हणून आरोपकर्त्यावरच अंकुश ठेवणे कायद्याला भाग पडले. त्याला आपला आरोप लेखी द्यावा लागे व त्यावर सही करावी लागे. तिसऱ्या शतकातील विधिज्ञ पौलुस याने अशा लेखाचा नमुना दिला आहे. कोणत्या साली, कोणत्या दिवशी, कोणत्या अधिकाऱ्यापुढे, कोणी, कोणावर, कोणत्या कायद्याखाली आरोप केला. गुन्हा कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या महिन्यात घडला. हे सर्व त्यात यावे लागे. सही करणाऱ्याने खटला शेवटास नेण्याचीही हमी घेतलेली असे. आपला आरोप खोटा ठरला तर आपल्यालाही मोकळे सोडले जाणार नाही हे जाणून कोणीही उतावीळपणे पुढे येऊ नये, हा या सहीचा हेतू असल्याचे उल्पियान हा विधिज्ञ स्पष्ट करतो.

विधिज्ञ मार्कियान याने आरोपकर्त्याच्या गैरवर्तनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. खोटा आरोप करणे हा पहिला, खरा अपराध झाकणे हा दुसरा, आणि आरोप अर्ध्यावर टाकून पळ काढणे हा तिसरा. लॅटिनमध्ये यांना अनुक्रमे कालुम्निया, प्रेवारिकातियो व तेर्गिवेर्सातियो अशी नावे आहेत. युस्तिनियान सम्राटाच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या विधिसंग्रहात हे विवेचन जतन झाले आहे. या तिन्हींचा आता क्रमाने विचार करू.

२. खोटा आरोप

आरोपी निर्दोष आहे हे ठाऊक असूनही त्याच्यावर आरोप करणे म्हणजे कालुम्निया. खटल्याच्या आरंभी आपण द्वेषाने खोटा आरोप करीत नाही, अशी शपथ आरोपकर्त्याला घ्यावी लागे. आरोपी सुटला तर आरोपकर्त्याच्या हेतूविषयीही न्यायालय निवाडा करू शके. इ. स. पू. ५४ मध्ये स्कौरुस निर्दोष सुटला तेव्हा त्याच्या आरोपकर्त्यांविषयी न्यायसभासदांनी अशीच मते दिल्याची नोंद आढळते.

या अपराधासाठी रेम्मिउसचा कायदा होता. खोट्या आरोपकर्त्याच्या कपाळावर ‘क’ या उच्चाराचे रोमन अक्षर डागावे, अशी शिक्षा त्यात असल्याचे समजले जाते. हे अक्षर प्रत्यक्ष डागले जात असे की तो केवळ बोलण्याचा प्रकार होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु दोषी ठरलेल्याची नागरी प्रतिष्ठा नष्ट होई आणि पुन्हा कोणावर आरोप करण्याचा अधिकार त्याला उरत नसे, हे निश्चित.

या अक्षराचा उल्लेख सिसेरोच्या एका गाजलेल्या भाषणात आहे. इ. स. पू. ८० मध्ये अमेरिया गावच्या सेक्स्तुस रोस्किउस या शेतकऱ्यावर पितृहत्येचा आरोप आला. आरोप शाबीत झाला असता तर त्याला पोत्यात शिवून पाण्यात फेकले गेले असते. आरोप करणारा एरुकिउस हा नुसता पुढे केलेला माणूस होता. पित्याची मालमत्ता अल्प किमतीत घशात घालणाऱ्यांत सुल्लाचा मर्जीतील मुक्त गुलाम क्रिसोगोनुस होता, आणि मुलगा जिवंत राहणे या मंडळींना अडचणीचे होते, असे सिसेरोने मांडले. रोस्किउस सुटला.

या भाषणात सिसेरोने एक दृष्टान्त दिला आहे. कॅपिटोल टेकडीवर सार्वजनिक खर्चाने हंस व कुत्रे पाळलेले असत. रात्री चोर आला तर त्यांनी आवाज करावा, एवढेच त्यांचे काम. चोर कोण व साधू कोण हे त्यांना कळत नाही. म्हणून रात्री संशयाने ओरडले तरी त्यांना कोणी दोष देत नाही. परंतु दिवसाढवळ्या देवदर्शनाला आलेल्यांवर कुत्रे भुंकू लागले तर त्यांचे पाय मोडले जातील. आरोपकर्त्यांचेही तसेच, असे सिसेरो सांगतो. संशयाला जागा असेल तेथे त्यांनी जरूर आवाज उठवावा. काहीच आधार नसताना जो चावा घेतो त्याला मात्र शासन व्हावे. आरोपकर्ता समाजाला नको आहे, असे त्याचे म्हणणे नाही. न भुंकणारा कुत्राही राखणीच्या उपयोगाचा नसतो.

३. खऱ्या अपराधावर पांघरूण

दुसरा अपराध आजच्या वाचकाला काहीसा अपरिचित वाटेल. प्रेवारिकातियो म्हणजे आरोपकर्ता वरकरणी आरोप करतो, परंतु आतून आरोपीला सामील असतो. तो मुद्दाम दुबळा पुरावा मांडतो, महत्त्वाचा साक्षीदार वगळतो, बचावातील लबाडीकडे काणाडोळा करतो, आणि गुन्हेगार सन्मानाने सुटून जातो. हा शब्द शेतीतला आहे. नांगर धरणारा नीट वाकला नाही तर तास वाकडे जाते. त्या वाकड्या नांगरटीवरून हा शब्द न्यायालयात आला, असे थोरला प्लिनी सांगतो.

असे का घडत असे? कारण एकदा निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला सहसा पुन्हा चालत नसे. तेव्हा गुन्हेगाराला स्वतःचा बचाव करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपल्याच माणसाकडून आपल्यावर आरोप करविणे! इ. स. पू. ७० मध्ये सिसिलीचा लुटारू सुभेदार वेर्रेस याच्यावर खटला करण्यास सिसेरो पुढे आला, तेव्हा काइकिलिउस नावाचा दुसरा मनुष्यही तोच हक्क मागू लागला. हा काइकिलिउस सिसिलीत वेर्रेसचाच खजिनदार होता. सिसिलीच्या लोकांना तो नको आहे, वेर्रेसला मात्र हवा आहे, यातच सर्व काही आले, असा युक्तिवाद सिसेरोने केला. न्यायसभेने सिसेरोची निवड केली, आणि वेर्रेस निकालाची वाट न पाहता रोम सोडून गेला. याउलट इ. स. पू. ६५ मध्ये कातिलिनावर खंडणीचा खटला झाला तेव्हा आरोपकर्ता क्लोदिउस हा आरोपीला सामील असल्याचे बोलले जात होते. कातिलिना सुटला, आणि दोनच वर्षांनी त्याने प्रजासत्ताकाविरुद्ध कट रचला.

कायद्याने यावर उपाय केला. पहिला आरोपकर्ता सामील होता असे शाबीत झाले तर सुटलेल्या आरोपीवर पुन्हा खटला भरता येई. संगनमताने मिळविलेली निर्दोषता ही खरी निर्दोषता नव्हे, हे तत्त्व येथे मान्य झाले. यापुढे जाऊन इ. स. ६१ मध्ये सिनेटने असेही ठरविले की, जो अशी सेवा विकत घेईल किंवा विकेल, त्याला खोटा आरोप करणाऱ्याइतकाच दोषी धरावे. या तुलनेकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. निरपराध्याला अडकविणारा आणि अपराध्याला झाकणारा हे दोघे कायद्याने एकाच पंक्तीस बसविले.

४. पाठ फिरविणे

तिसरा अपराध म्हणजे आरोप करून मध्येच तो सोडून देणे. तेर्गिवेर्सातियो या शब्दाचा अर्थच पाठ फिरविणे असा आहे. कोणी पैसे घेऊन गप्प बसे, कोणी धमकीला भिऊन, तर कोणी कंटाळून. परंतु तोपर्यंत आरोपीचे नाव गुन्हेगारांच्या यादीत लागलेले असे. त्याला ना शिक्षा ना सुटका. संशयाची सावली मात्र कायमची. यासाठी इ. स. ६१ मध्येच, पेत्रोनिउस तुर्पिलियानुस कॉन्सल असताना, सिनेटने एक ठराव केला. तो तुर्पिलियानुसचा ठराव म्हणून ओळखला जातो. न्यायाधिकाऱ्याची रीतसर परवानगी घेतल्यावाचून आरोप सोडणाऱ्यास त्यान्वये दंड होई व त्याची प्रतिष्ठा जाई. चुकून, तारुण्याच्या भरात किंवा रागाच्या आवेगात आरोप केला असे सांगणाऱ्यास परवानगी मिळण्याचा मार्ग खुला होता. म्हणजे माघार घेण्यास कायद्याची बंदी नव्हती. चोरून माघार घेण्यास होती.

प्रेषितांच्या कृत्यांचा अखेरचा अध्याय पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिल्याचे सांगतो. तो काळ सामान्यतः इ. स. ६० ते ६२ चा मानला जातो. या ठरावाचा पौलाच्या खटल्याशी थेट संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु गैरहजर आरोपकर्त्यांविषयी पौलाने फेलिक्सपुढे जो मुद्दा काढला, तो त्या काळच्या रोमन मनाला किती सहज पटणारा होता, हे यावरून ध्यानी येते.

५. पुरावा नसणे आणि खोटे बोलणे

वरील विवेचनावरून असा समज होईल की, आरोप शाबीत न झाला की आरोपकर्त्यावर संकट कोसळत असे. वस्तुस्थिती तशी नव्हती, आणि रोमन विधिज्ञांची खरी प्रगल्भता येथेच दिसते. जो आरोप शाबीत करू शकला नाही तो लगेच खोटारडा ठरत नाही, असे मार्कियान बजावतो. आरोपी सुटल्यावर न्यायाधीशाने आरोपकर्त्याच्या मनाचा शोध घ्यावा. त्याची प्रामाणिक चूक झाली असेल तर त्याला सोडावे. उघड दुष्टावा दिसला तरच शिक्षा द्यावी. निकालाचे शब्दही त्यानुसार वेगळे असत. आरोप शाबीत झाला नाही एवढेच म्हटले तर आरोपकर्त्यास डाग लागत नसे. त्याने कालुम्निया केली असे म्हटले तरच तो दोषी ठरे.

दुःखाने होरपळलेल्या माणसाकडे कायदा अधिक सहानुभूतीने पाही. स्त्रियांना एरवी आरोप करण्याचा अधिकार नव्हता, परंतु आपल्या मुलाच्या खुनाची दाद मागणाऱ्या आईला तो होता, आणि तिने या शिक्षेचे भय बाळगू नये, असाही निर्णय आढळतो. खोट्याला शासन करताना खऱ्याचे तोंड बंद होऊ नये, हा विवेक त्यात आहे. पुढच्या काळात हा विवेक काहीसा सुटला. चौथ्या शतकात आरोपकर्त्याने आरोप शाबीत न केल्यास आरोपीला झाली असती तीच शिक्षा स्वतः भोगण्याची हमी द्यावी, हा नियम दृढ झाला. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात खोट्या साक्षीदारासाठी असाच दंडक आहे. परंतु तेथे तो कसून चौकशी करून खोटा ठरलेल्यासाठी आहे, नुसता पुरावा अपुरा पडलेल्यासाठी नाही. एवढी जोखीम शिरावर घेऊन दुर्बल मनुष्य बलवानाविरुद्ध कसा उभा राहणार?

६. ख्रिस्ती आरोपी, ख्रिस्ती आरोपकर्ते

आद्य ख्रिस्ती लोकांनी या कायद्याची दोन्ही टोके अनुभवली. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची एक निनावी यादी आली. सम्राट त्रायानने त्याला कळविले की, ख्रिस्ती लोकांना हुडकून काढू नये, आणि सही नसलेल्या लेखाला कोणत्याही गुन्ह्याच्या बाबतीत थारा देऊ नये. पुढे सुमारे दहा-बारा वर्षांनी सम्राट हाद्रियानने आशियाचा सुभेदार मिनुकिउस फुंदानुस याला लिहिले की, नुसत्या आरडाओरडीवर ख्रिस्ती लोकांविरुद्ध कारवाई करू नये, आणि कोणी छळापोटी खोटा आरोप करील तर त्यालाच कडक शासन करावे. संत जस्टिनने हे पत्र आपल्या समर्थनग्रंथाला जोडले. या आज्ञांनी छळ थांबला नाही, परंतु कित्येकांचे प्राण वाचले असावेत.

ख्रिस्तसभेने हा धडा स्वतःलाही लावून घेतला. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथील धर्मपरिषदेने, ज्याच्या चहाडीमुळे कोणाचा प्राण गेला त्या ख्रिस्ती माणसाला मरणसमयीही कम्युनियन देऊ नये, असे ठरविले. बिशप, धर्मगुरू किंवा उपसेवक यांच्यावर खोटा आरोप करून तो शाबीत न करणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगितली. इ. स. ४५१ च्या काल्सेदोन धर्मपरिषदेने बिशपांवर आरोप करणाऱ्यांच्या स्वतःच्या लौकिकाची आधी चौकशी करण्यास सांगितले. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने आरोपकर्त्यावाचूनही अधिकाऱ्याने स्वतः चौकशी करण्याच्या पद्धतीला निश्चित रूप दिले. दुर्बलाच्या शिरावरील जोखीम त्यामुळे हलकी झाली. पण त्याबरोबर झाकण्याचे सामर्थ्य आरोपकर्त्याच्या हातून अधिकाऱ्याच्या हाती आले, हेही विसरता येत नाही.

७. आपल्यासाठी

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, आपण धर्मसेवक या तीन अपराधांपैकी पहिल्याला फार भितो. खोट्या आरोपाने एखाद्या सेवकाचे आयुष्य उद्ध्वस्त होते हे आपण पाहिले आहे, आणि ती भीती रास्त आहे. सध्याच्या धर्मविधिसंहितेचा १३९० वा नियम खोटी तक्रार करणाऱ्यास शिक्षा सांगतो व नुकसान भरून देण्यास भाग पाडतो. परंतु दुसऱ्या अपराधाविषयी आपण तितकेच जागरूक असतो काय? तक्रार घेऊन आलेल्या मातेला आपण ‘बाई, ख्रिस्तसभेची बदनामी होईल’ असे सांगून परत पाठवितो. चौकशी नेमतो, पण ती आरोपीच्या मित्राकडे सोपवितो. साक्षीदाराला विचारावयाचे राहून जाते. रोमन विधिज्ञाने याला वाकडे तास म्हटले असते. आणि फाइल वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, आरोपी दोषी ठरत नाही व निर्दोषही ठरत नाही, तेव्हा तो तिसरा अपराध होय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेला व २०२३ मध्ये सुधारून कायम केलेला ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूवर ती कळविण्याचे बंधन त्याने घातले, तक्रार करणाऱ्याचा सूड घेण्यास मनाई केली आणि त्याच्यावर मौनाची सक्ती करू नये असे सांगितले. हे सांगताना १३९० व्या नियमाला बाध येणार नाही, असेही तेथे नमूद आहे. खोट्याला शासन आणि खऱ्याला संरक्षण, ही दोन्ही एकाच ठिकाणी आली आहेत.

तेव्हा गाऱ्हाणे कानी आले म्हणजे आपण काय करावे? निनावी चिठ्ठीवरून कोणाचेही नाव वेदीवरून घेऊ नये, कट्ट्यावरही घेऊ नये. परंतु एखादी चिठ्ठी निनावी का राहिली, सही करणाऱ्याला आपल्या धर्मग्रामात कोणाचे भय वाटते, हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा. जो समोर येऊन, नाव देऊन, दिवस व ठिकाण सांगून बोलतो, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे व ज्याचा अधिकार आहे त्याच्याकडे विनाविलंब पोहोचवावे. ज्याच्याविरुद्ध ते आहे त्यालाही पौलाप्रमाणे उत्तर देण्याची संधी मिळावी. आणि आरोप शाबीत झाला नाही तर तेवढेच म्हणावे. पुरावा अपुरा पडला म्हणून सांगणाऱ्याला खोटारडा म्हणण्याची घाई मार्कियाननेही केली नव्हती. आपणही ती करू नये.